ग्रीक देवाला सिक्स पॅक, मग आपल्या शंकराला का नाही?

घारापुरीच्या लेण्यात उभं राहिलं की ग्रुपमधला कोणीतरी, बहुतेक करून जिमला जाणाराच, विचारतो की एवढा मोठा शंकर कोरलाय, मुकुटातला दागिना न् दागिना कोरलाय, मग छातीचे पोटाचे कट का नाही काढले, ग्रीक लोकांना जमलं ते आपल्या कारागिरांना जमत नव्हतं काय. प्रश्न चांगला आहे, हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. थोडक्यात उत्तर असं की जमत होतं, पण त्यांना ते नको होतं. मूर्ती घडवणारा समोरचा माणूस बघून तसाच्या तसा उतरवत नव्हता, माणूस कसा असावा असं त्या काळाला वाटायचं तसा तो घडवत होता, आणि हे 'कसा असावा' दर दोनतीनशे वर्षांनी बदलत गेलंय.

लांब कशाला जायचं. आमच्याकडे रत्नागिरीला कॉलेजची पोरगी डाएट करून सुट्टीत घरी आली की आजी दारातच म्हणते, "काय गो, सुकलीस! जेवतेस की नाय?" पोरीला ती काँप्लिमेंट वाटते आणि आजीला काळजी. जिने पावसाळ्यातले चार महिने घरातलं भात मोजून मापून पुरवलेलं बघितलंय तिच्यासाठी भरलेलं अंग म्हणजे सुख, आणि जिच्या ताटात कधी कमी पडलं नाही तिला बारीक अंग हवंसं वाटतं. एकाच घरात दोन पिढ्यांत एवढा फरक, मग दोन हजार वर्षांत किती पडला असेल बघा.

आता सुरुवात आपल्या सड्यावरून, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी पठारावरून करू. रत्नागिरी, लांजा, राजापूर भागात जांभ्याच्या कातळावर जी कातळशिल्पं आहेत त्यांचं नेमकं वय अजून ठरायचंय, पण त्यातली काही दहा हजार वर्षांच्या आसपास मागे जात असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर एक माणूस उभा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना वाघासारखी दोन जनावरं. माणूस म्हणजे काय तर एक ठसठशीत बाह्यरेषा, चेहऱ्याचा पत्ता नाही, स्नायू वगैरे लांबच राहिलं. याला एक कारण दगड. जांभा सच्छिद्र, खडबडीत, त्याच्यावर नाकाची धार किंवा ओठाची कड टिकणारच नाही, रेषा खोदून घेता येते एवढंच. पण मला वाटतं दगड हे अर्धंच कारण आहे. जनावरं काढताना हेच लोक बारकावे टिपतात, प्राणी कुठला ते लांबून कळतं, आणि माणूस मात्र साधा ठेवतात. कोण माणूस हे त्यांना सांगायचंच नसावं, माणूस आहे आणि तो जनावरांच्या मध्ये उभा आहे एवढं सांगायचं असावं. युरोपातली विलेनडॉर्फची छोटी स्त्रीमूर्ती बघा, 1908 साली ऑस्ट्रियात सापडली, जेमतेम 11 सेंटीमीटरची, पंचवीस ते तीस हजार वर्षं जुनी. तिलाही चेहरा नाही, पण स्तन, पोट, मांड्या भरपूर. हिमयुगात एवढी चरबी अंगावर असणं म्हणजे मोठीच गोष्ट, म्हणून ती कशासाठी घडवली यावर वाद असले तरी तिच्यात सुबत्ता दिसते याबद्दल फारसं दुमत नाही.

ग्रीक लोकांकडे वळायच्या आधी इजिप्तला एक मिनिट थांबावं लागतं. इजिप्तचे कारागीर दगडावर आधी चौकोनांची जाळी आखून घ्यायचे आणि उभा माणूस केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकोनांत बसवायचे, त्यामुळे शेकडो वर्षं राजाचं शरीर साधारण एकाच मापाचं निघत राहिलं. ताठ, हात अंगाला चिकटलेले, डावा पाय पुढे. त्यांना ते तसंच हवं होतं, कारण राजा अमर आहे आणि अमर माणूस कशाला हलेल. ग्रीकांनी इसवीसनापूर्वी 600 च्या सुमारास हीच उभं राहायची पद्धत उचलली, फक्त पंचा काढून टाकला आणि हात-धड यांच्यामधला दगड कोरून मोकळा केला. या तरुणांच्या पुतळ्यांना कौरोस म्हणतात. पोट, गुडघे, बरगड्या आहेत पण रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या बरोबर जागच्या जागी, जिवंत नाही वाटत.

मग इसवीसनापूर्वी (इसपू) 480 च्या आसपास अथेन्सला एक छोटीशी गोष्ट होते आणि सगळंच बदलतं. क्रिटिऑसचा मुलगा म्हणून जो पुतळा ओळखतात (क्रिटिऑस हे एका शिल्पकाराचं नाव; पुतळा अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर सापडला, जेमतेम सव्वा मीटरचा) त्याने सगळं वजन एका पायावर टाकलंय. एवढंच. पण तुम्ही स्वतः उभं राहून बघा, वजन एका पायावर टाकलं की त्या बाजूचं कुल्लं वर येतं, दुसऱ्या बाजूचा गुडघा सैल पडतो, पाठीचा कणा किंचित वळतो, म्हणजे एक पाय हलवला तर अख्खं शरीर त्याला उत्तर देतं. पुढे चाळीसेक वर्षांनी पॉलिक्लिटस नावाच्या शिल्पकाराने याचा नियमच बांधला, बोटाचं बोटाशी काय प्रमाण, बोटांचं तळव्याशी, तळव्याचं मनगटाशी, असं करत करत पूर्ण शरीर. हा नियम सांगणारं त्याचं पुस्तक हरवलं, त्याच नियमाने घडवलेला भालाधारी तरुणाचा मूळ ब्राँझचा पुतळाही हरवला, आपल्याकडे आहेत त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. आणि त्या नकलांत पायाजवळ झाडाचं खोड का असतं माहितीये? ब्राँझचा पुतळा आत पोकळ, तो दोन पायांवर आरामात उभा राहतो, पण संगमरवराचं तेवढं वजन दोन घोट्यांवर ठेवलं तर घोटे मोडतील, म्हणून टेकू.

हे कट कुठून आले, तर ग्रीक शहरात नागरिक पुरुष व्यायामशाळेत उघड्या अंगाने सराव करायचे, आणि वेळ आली की तेच लोक ढाल-भाला घेऊन लढाईला जायचे. कमावलेलं अंग म्हणजे नुसतं देखणेपण नव्हतं, हा माणूस स्वतःवर ताबा ठेवतो, शहरासाठी लढू शकतो याचा तो पुरावा होता. म्हणून भालाधाऱ्याच्या अंगावर स्नायू आहेत पण चेहऱ्यावर कसलीच भावना नाही. आणि हे अंग फक्त पुरुषांचं, तेही नागरिकांचं, गुलामांचं नाही. बाईचा पूर्ण आकाराचा नग्न पुतळा यायला इसपू चौथं शतक उजाडलं. प्रॅक्सिटेलिस या शिल्पकाराने ॲफ्रोडाइटी या प्रेमाच्या देवीचे दोन पुतळे केले, एक कपड्यातला, एक बिनकपड्याचा, आणि रोमन लेखक प्लिनी सांगतो की कॉस बेटाच्या लोकांनी सभ्य म्हणून कपड्यातला घेतला, उरलेला निडोस शहरवाल्यांनी घेतला आणि तो बघायला लोक समुद्र ओलांडून यायला लागले.

पुढे लिसिपस नावाचा शिल्पकार आला आणि त्याने डोकं लहान केलं, शरीर शेलाटं केलं, म्हणजे पॉलिक्लिटसच्या पुतळ्यात उंची साधारण सात डोक्यांची होती ती इथे आठ झाली. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा, रोममध्ये 1885 साली सापडलेला बसलेला मुष्टियोद्धा. ब्राँझचा. नाक मोडलंय, कान सुजून गोळा झालेत, आणि जखमांतून वाहणारं रक्त दाखवायला ब्राँझमध्ये लालसर तांबं जडवलंय. अंग अजून पैलवानाचं आहे पण माणूस दमलाय. त्याच्या दोनतीनशे वर्षं आधी असा पुतळा कोणी करायलाच दिला नसता. रोमन लोकांनी तर त्याच्या पुढे जाऊन म्हाताऱ्या पुढाऱ्यांच्या सुरकुत्या, चामखीळ, टक्कल सगळं कोरलं, कारण त्यांच्याकडे सुरकुती म्हणजे अनुभव आणि अनुभव म्हणजे मतं. आणि ऑगस्टस सम्राट झाल्यावर चक्र पुन्हा उलटं फिरलं, हा गृहस्थ पंचाहत्तर वर्षं जगला पण पुतळ्यात शेवटपर्यंत तरुणच राहिला, रोमजवळच्या प्रीमा पोर्ता इथे मिळालेल्या त्याच्या प्रसिद्ध पुतळ्याची उभं राहायची ढब सरळ पॉलिक्लिटसच्या भालाधाऱ्यावरून घेतलेली.

आता इथे एक गोष्ट सांगतो जी मला फार महत्त्वाची वाटते. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवीसन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. भालाधाऱ्याची सगळ्यात चांगली नक्कल या शहरात सापडली. आणि याच शहरात 1938 साली हस्तिदंताची, वीतभर उंचीची एक भारतीय बाई सापडली, गळ्यात हार, कमरेला मेखला, पायात घोट्यापासून वरपर्यंत वाळे, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. तिच्याशी मिळतंजुळतं हस्तिदंती काम आपल्या महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालंय. म्हणजे ती बहुधा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरातून गलबतात चढली असणार, त्या काळच्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं नावानिशी आलीयत. विचार करा, एकाच गावात एकाच वेळी पुरुषी शिस्तीचा नागवा भालाधारी आणि दागिन्यांनी लगडलेली ही बाई. दोघंही त्या त्या ठिकाणी 'सुंदर' आणि दोघांच्या सुंदरपणाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

तिच्या बाजूचं म्हणणं काय होतं ते बघायला बोरिवलीला कान्हेरीला जावं लागतं. तीन नंबरचं लेणं, मोठं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन. त्याच्या ओसरीत उभं राहिलात तर तुम्हाला दोन वेगवेगळे काळ शेजारी शेजारी दिसतात, असं ठिकाण कोकणपट्टीत दुसरं मला तरी माहीत नाही. दाराच्या दोन्ही अंगांना दांपत्यं कोरलीयत, सातवाहन काळातली, साधारण इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातली. पुरुषांचे खांदे रुंद, डोक्याला भलामोठा फेटा, कानात जड कुंडलं, बायकांच्या पायात एवढे जाड वाळे की चालताना आवाज आलाच पाहिजे, कमरेला मेखला, कंबर बारीक आणि कुल्लं रुंद. बायको नवऱ्याच्या मागे नाही, बरोबरीने उभी आहे. सगळ्यांच्या अंगात एक सुखवस्तू भरदारपणा आहे, आणि तो असणारच, कारण लेणी खोदायला पैसे देणारे बंदरांवर कमावलेले व्यापारी होते. त्यांना सुबत्ता बघायची होती आणि सुबत्ता शुभ होती, देवाच्या दारात भरलेलं अंग हवं, हडकुळं नाही. याच विचाराने पाटण्याला गंगेकाठी 1917 मध्ये सापडलेली दीदारगंजची चवरीधारी यक्षी घडवलीय, चकाकत्या दगडाची, पोटावर हलकीशी वळी असलेली. ती वळी कारागिराने मुद्दाम ठेवलीय, लपवलेली नाही.

आणि त्याच ओसरीच्या दोन्ही टोकांना बघा, साधारण 7 मीटर उंचीचे दोन बुद्ध. हे तीनेकशे वर्षांनंतरचे. आता दागिने गेले, फेटा गेला, वाळे गेले, रुंद छाती आहे पण ताण कुठेच नाही, चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, अंगाला असं चिकटलंय की कापड आहे की नाही ते कडेला बघितल्यावर कळतं, हात खाली सोडून तळवा आपल्याकडे केलेला. दांपत्याचं अंग म्हणतं माझ्याकडे भरपूर आहे, आणि या बुद्धाचं अंग म्हणतं मला आता काही नको. धर्म तोच, दगड तोच, ओसरी तीच, फक्त हवंसं वाटणारं शरीर बदललं.

या नंतरच्या शरीरात स्नायू का नाहीत याचं उत्तर श्वासात आहे. कलेचे अभ्यासक सांगतात की भारतीय शिल्पकाराला प्राण दाखवायचा होता, हाडं आणि स्नायू हे त्याच्यासाठी आतलं सामान. वारा भरलेल्या शिडावर जशी कुठे चुणी दिसत नाही, सगळीकडून सारखा ताण असतो, तसं आतून श्वासाने भरलेलं अंग, म्हणून ते गुळगुळीत आणि टरारलेलं. परळला 1931 साली रस्त्याच्या कामात सापडलेलं जे शिवाचं शिल्प बारादेवीच्या देवळात आहे ते मुंबईत असून कित्येक मुंबईकरांनी बघितलेलं नाही, एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा अशा सात आकृत्या वर आणि बाजूंना उमलत जातात आणि प्रत्येकाची छाती आत्ताच श्वास ओढून घेतल्यासारखी फुगलेली आहे. श्वास दगडात कसा दाखवतात हे ज्याला बघायचंय त्याने ते बघावंच.

आणि 'जमत नव्हतं' या शंकेचं उत्तरही इथेच देऊन टाकू. लाहोरच्या म्युझियममध्ये गांधार शैलीतला उपवासी बुद्ध आहे, त्याच्या बरगड्या, शिरा, खोल गेलेले डोळे, पोटाचा खळगा सगळं इतकं अचूक आहे की डॉक्टरनेही मान डोलवावी. बरं तो गांधारचा, ग्रीक वळणाचा म्हणाल, तर आपल्या देवळांतली चामुंडा बघा, वेरूळचा शंकराचा भक्त भृंगी बघा, हाडांचा सापळा. म्हणजे हाडं कुठे असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती त्यांनी तपासाठी, भुकेसाठी, मृत्यूसाठी राखून ठेवली.

मोजमापाबद्दल थोडं. आपल्याकडे याला तालमान म्हणतात आणि हे दिसतं तेवढं अवघड नाही. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहऱ्याची जी लांबी ती एक ताल, आणि तिचे 12 भाग म्हणजे 12 अंगुळं. आता नवताल, म्हणजे नऊ ताल उंचीची मूर्ती घ्या. चेहरा 12, गळा 4, गळ्यापासून छातीपर्यंत 12, तिथून बेंबीपर्यंत 12, बेंबीखाली अजून 12, मांडी 24, गुडघा 4, पोटरी 24, पाऊल 4. करा बेरीज, 108. हे अंगुळ तुमच्या आमच्या बोटाचं नाही, मूर्तीच्या स्वतःच्या चेहऱ्यातून काढलेलं, त्यामुळे चार इंची देव्हाऱ्यातला देव आणि वीस फुटी लेण्यातला देव दोघांना हिशोब एकच. माणसापेक्षा मोठ्या देवांना दहा ताल, गणपतीला पाच, बुटक्या गणांना चार, म्हणजे नुसत्या प्रमाणावरून कळायचं समोर कोण आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसही चेहरा उंचीच्या दहाव्या भागाएवढा धरतो, आणि पॉलिक्लिटसचीही सुरुवात बोटापासूनच. हिशोबाची पद्धत इतकी जवळची, आणि त्यातून निघालेली शरीरं इतकी वेगळी, म्हणून मला कोणी म्हटलं की सौंदर्य म्हणजे शेवटी गणित, तर ते पटत नाही. गणित दोन्हीकडे होतं.

त्यात आपल्याकडे उपमांची भर. महापुरुषाच्या 32 लक्षणांत हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, आजानुबाहू. खांदे हत्तीच्या गंडस्थळासारखे, कंबर सिंहासारखी, डोळे कमळाच्या पाकळीसारखे. शिल्पकार मॉडेल समोर बसवत नव्हता, हत्ती, सिंह, कमळ आठवत होता.

हे सगळं एकत्र बघायचं तर घारापुरीचा अर्धनारीश्वर. सहाव्या शतकाच्या मध्यातलं लेणं, हा पॅनेल पाचेक मीटर उंच, मधल्या महेशमूर्तीच्या शेजारी. लोक महेशमूर्तीसमोर फोटो काढतात आणि याच्यासमोरून निघून जातात, वाईट वाटतं. इथे पाच मिनिटं द्या. उजवी बाजू (म्हणजे देवाची उजवी) शिवाची, कोपर नंदीवर टेकलेलं, वरच्या हातात नाग. डावी पार्वतीची, वरच्या हातात आरसा. आता फक्त बाहेरच्या कडेवरून नजर खाली आणा. शिवाच्या बाजूला खांदा, छाती, कंबर, मांडी जवळजवळ सरळ उतरतात. पार्वतीच्या बाजूला तीच रेषा छातीशी बाहेर येते, कमरेला आत जाते, आणि कुल्ल्याला पुन्हा मोठी बाहेर. दोन वेगळी शरीरं मधोमध चिकटवली असती तर ते विचित्र दिसलं असतं, पण शिल्पकाराने अंग नंदीकडे झुकवलंय, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं कुल्लं बाहेर जाणं आपसूक पटतं. क्रिटिऑसच्या मुलाने एका पायावर वजन टाकून जे साधलं त्याच युक्तीने इथे बाई आणि पुरुष एका अंगात बसवलेत. ग्रीकांना त्यातून चालू शकणारा माणूस मिळाला, आपल्याला कुठल्याच माणसाचं नसलेलं शरीर. पोर्तुगीजांच्या काळात या लेण्याची खूप नासधूस झाली, कितीतरी मूर्तींचे हातपाय गेलेत, तरीही ही रेषा टिकलीय.

पुढच्या शतकांत हा मऊपणा हळूहळू कमी होत जातो. अंबरनाथचं शिलाहारांचं देऊळ 1060 चं, तिथल्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रियांच्या मूर्ती बघा, अंग लांबट, कंबर जास्तच वळलेली, कडा धारदार, दागिने अंगापेक्षा जास्त बोलतात. काही लोक याला घसरण म्हणतात, मी नाही म्हणणार. लेण्यातल्या अंधारात मूर्ती दिव्याच्या उजेडात जवळून बघायची असायची, इथे ती भिंतीवर उन्हात आहे आणि बघणारा खालून प्रदक्षिणा घालत चाललाय, त्याला चालता चालता दिसायला ठळक वळण आणि खोल सावली लागते.

आणि हे बदलणं थांबलंय असं समजू नका. कोकणातल्या कुठल्याही गावच्या वेशीवरचा जुना मारुती बघा, शेंदराने माखलेला, उठावात कोरलेला, गोल चेहरा, जाड दंड, पोट गुळगुळीत, हात उगारलेला, कुठेही एक कट नाही, आणि तरी हाच ताकदीचा देव, तालमीतली पोरं याच्याच पाया पडून लाल मातीत उतरायची. आता गाड्यांच्या काचेवर आणि जिमच्या भिंतीवर जो मारुती आहे त्याला सिक्स पॅक आहेत, कपाळाला आठी आहे. पेणच्या कारखान्यांतही ऑर्डर बदलल्या, पाच ताल आणि लंबोदर ज्याची ओळख त्या गणपतीला आता छातीचे कट आणि हिरोसारखे दंड मागतात, शाडूचे मूर्तिकार ते करूनही देतात. मला यातलं जुनं जास्त आवडतं हे खरं, पण नवं खोटं आहे असं नाही म्हणता येत. ज्याच्याकडे वेळ आणि प्रोटीनचे पैसे आहेत त्याचं अंग आज मोठ्या माणसाचं अंग झालंय, कान्हेरीच्या व्यापाऱ्याने त्याच कारणासाठी भरदार खांदे कोरून घेतले होते.